घराच्या छतावरील सौरयंत्रणा आणि कर: पहिल्या कोटेशनपासून घर विकेपर्यंत

छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरवले की पुरवठादाराकडून तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, ‘यावर आयकरात सूट मिळते’. दुसरी, ‘चाळीस टक्के घसारा मिळतो’. आणि तिसरी, ‘अनुदान आम्हीच किमतीतून वजा करून देतो’. यांपैकी पहिली गोष्ट स्वतःच्या घरात राहणाऱ्या पगारदार किंवा निवृत्त माणसाच्या बाबतीत सहसा खरी नसते, दुसरी (घसारा म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) व्यवसायाच्या मालमत्तेसाठी आहे आणि तिसरी केंद्र सरकारच्या सध्याच्या योजनेच्या रचनेशी जुळत नाही. ही सगळी प्रक्रिया स्वतः पार पाडताना माझ्या असे लक्षात आले की घरगुती सौरयंत्रणेचा कराशी खरा संबंध विवरणपत्रातल्या एखाद्या वजावटीत नसून, खरेदीचे बिल, अनुदानाची नोंद, वर्षअखेरचा वीजहिशोब आणि पुढे कधी घर विकले तर त्या वेळचा भांडवली नफा, या चार ठिकाणी विखुरलेला आहे. म्हणून हा लेख कामे ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने मांडला आहे.

एक सूचना आधीच करतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत; उदाहरणार्थ, ठरावीक गुंतवणुकींवर वजावट देणाऱ्या जुन्या ‘८०सी’ची तरतूद आता कलम १२३ मध्ये आहे. तरीही बँका, सल्लागार आणि पुरवठादार अजून जुनेच क्रमांक बोलतात, त्यामुळे ओळख पटावी म्हणून येथे १९६१ च्या कायद्यातील क्रमांक वापरले आहेत.

१. कोटेशन मागवण्यापूर्वी नावे जुळवून घ्या

वीजजोडणी, घराची मालकी, पुरवठादाराचे बिल, पैसे देणारे बँक खाते आणि कर्ज घेतले असल्यास कर्जखाते, या सर्व ठिकाणी शक्यतो एकच नाव असावे. आपल्याकडे वीजबिल वर्षानुवर्षे वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने येत राहते आणि कोणालाही त्याची अडचण वाटत नाही. सौरयंत्रणेचा अर्ज भरायला घेतला की मात्र ती अडचण पहिल्याच पायरीवर उभी राहते. अनुदान वीजग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. ग्राहक वडील, पैसे देणारा मुलगा आणि घराची मालकी आईची, अशी विभागणी असेल तर पुढे घर विकताना ‘हा खर्च मालकाने केला’ हे दाखवणे कठीण जाते. वीजबिलावरील व्यक्ती हयात नसेल, तर आधी महावितरणकडे किंवा आपल्या वीजकंपनीकडे नाव बदलून घ्या आणि मगच सौरयंत्रणेचा अर्ज करा.

कुटुंबातील दुसऱ्याच कोणी पैसे दिले असतील, तर ते भेट म्हणून दिले की उसने, हे त्याच वेळी एका साध्या पत्राने लिहून ठेवावे. आई-वडील, मुले, पती-पत्नी, भावंडे अशा जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेली भेट, घेणाऱ्याच्या हातात करपात्र ठरत नाही.

२. कोटेशनमधील जीएसटी स्वतः मोजा

या पायरीवर थोडा वेळ दिला तर तो वाया जात नाही, कारण चुकीची आकारणी बहुधा येथेच होते. सौरऊर्जेची उपकरणे आणि त्यांचे सुटे भाग यांवरील जीएसटी १ ऑक्टोबर २०२१ पासून १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. मात्र पुरवठादार पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडा, तारा आणि बसवण्याचे काम असे सगळे एकत्र देत असेल, तर कायद्याने त्या एकूण किमतीचे दोन भाग गृहीत धरले जातात: ७० टक्के वस्तू आणि ३० टक्के सेवा. वस्तूंच्या भागावर ५ टक्के आणि सेवेच्या भागावर १८ टक्के कर लागतो.

समजा, कराशिवायची किंमत १,८०,००० रुपये आहे. त्याचे ७० टक्के म्हणजे १,२६,००० रुपये; त्यावर ५ टक्क्यांनी ६,३०० रुपये कर होतो. उरलेल्या ५४,००० रुपयांवर १८ टक्क्यांनी ९,७२० रुपये होतात. एकूण कर १६,०२० रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या ८.९ टक्के. पूर्वीच्या दराने हेच प्रमाण १३.८ टक्के होते. आपल्या कोटेशनमध्ये १३.८ टक्के दिसत असतील तर ते जुन्या नमुन्यावरून तयार केलेले आहे, आणि संपूर्ण रकमेवर १८ टक्के लावलेले असतील तर कारण लेखी विचारा. उलट, कोणी संपूर्ण रकमेवर ५ टक्केच लावत असेल, तर तेही तपासावे. पुढे फरकाची मागणी आली की पुरवठादार ती आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न करतो. बॅटरी स्वतंत्रपणे विकत घेतल्यास तिच्यावर १८ टक्के दर आहे, म्हणून तिची ओळ बिलात वेगळी आहे का ते पाहावे.

‘बिल नको असेल तर जीएसटी वाचवू’ हा प्रस्ताव येतोच. तो स्वीकारल्यास अनुदान, वॉरंटी आणि पुढील पायऱ्यांमध्ये उल्लेखिलेला प्रत्येक करलाभ, सगळेच एका फटक्यात हातचे जाते. पैसे बँकेमार्फतच द्या. एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि तो दंड स्वीकारणाऱ्यावर असला तरी चौकशीत आपले नाव येतेच.

३. अनुदानाची नोंद नीट ठेवा

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटच्या यंत्रणेसाठी कमाल ७८,००० रुपये. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, वीजकंपनीची मान्यता, नोंदणीकृत पुरवठादाराकडून उभारणी, नेट मीटर (वीजजाळ्यातून, म्हणजे ग्रीडमधून, घेतलेली आणि त्याला दिलेली वीज मोजणारा मीटर) आणि तपासणी हे सारे झाल्यानंतर रक्कम थेट ग्राहकाच्या खात्यात येते. पॅनेल देशांतर्गत बनावटीच्या सेलपासून तयार केलेली, म्हणजे बाजारात ज्यांना ‘डीसीआर’ म्हणतात ती, असणे बंधनकारक आहे. ती इतर पॅनेलपेक्षा महाग असतात, त्यामुळे ‘तीच पॅनेल, स्वस्तात’ असे कोणी म्हणाल्यास प्रत्येक पॅनेलचा क्रमांक बिलावर किंवा जोडपत्रावर लिहून मागा.

अनुदान ग्राहकाला मिळते, पुरवठादाराला नव्हे. म्हणून बिल पूर्ण किमतीचे आणि पूर्ण किमतीवरील जीएसटीसह असले पाहिजे. अनुदान आधीच वजा केलेले बिल घेतले आणि नंतर अनुदान आपल्या खात्यात आले, तर कागदोपत्री आपला खर्च प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

आता मुख्य प्रश्न: हे अनुदान उत्पन्न आहे का? आयकर कायद्यातील उत्पन्नाच्या व्याख्येत २०१५ मध्ये सरकारी अनुदानांचा समावेश झाला, आणि तेवढ्यावरून अनेकांना धास्ती वाटते. परंतु स्वयंपाकाच्या गॅसचे आणि तत्सम कल्याणकारी अनुदान व्यक्तीला व्यवसायाव्यतिरिक्त मिळत असेल, तर त्याला ही दुरुस्ती लागू होत नाही, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०१५ मध्ये केला होता. माझ्या मते घराच्या वापरासाठी बसवलेल्या यंत्रणेचे अनुदान त्याच वर्गात बसते. ते करपात्र उत्पन्नात मिळवण्याची गरज नाही. मात्र बँकेतील ज्या नोंदीने ते जमा झाले तिची प्रत आणि पोर्टलवरील मंजुरी जपून ठेवावी, कारण ७८,००० रुपयांची जमा कशाची, असे विचारले गेल्यास उत्तर एका कागदात देता आले पाहिजे.

वरील उदाहरणात जीएसटीसह खर्च १,९६,०२० रुपये होता. अनुदान वजा जाता आपला निव्वळ खर्च १,१८,०२० रुपये. हाच आकडा लिहून ठेवा. शेवटच्या पायऱ्यांत तो पुन्हा लागणार आहे.

४. आयकरातील वजावटीचा शोध आवरता घ्या

घरगुती सौरयंत्रणेच्या खरेदीसाठी ‘८०सी’मध्ये वजावट नाही. काही देशांत अशा खर्चाचा काही भाग थेट करातून वजा होतो आणि त्याविषयीची माहिती इंटरनेटवरून फिरत इकडे येते, पण भारतात व्यक्तीला तसा लाभ नाही. आपल्याकडे सरकारने मदत अनुदानाच्या आणि कमी जीएसटीच्या रूपाने दिली आहे.

कर्जावरील व्याजाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. कलम २४ प्रमाणे स्वतः राहत असलेल्या घराच्या खरेदी किंवा बांधकामासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत मिळते. दुरुस्ती, नूतनीकरण किंवा पुनर्बांधणीसाठीच्या कर्जाची मर्यादा ३०,००० रुपये असून ती त्याच दोन लाखांत धरली जाते. नवीन घर बांधताना अंदाजपत्रकातच सौरयंत्रणा समाविष्ट असेल आणि गृहकर्ज त्यासह मंजूर झाले असेल, तर वजावटीचा दावा भक्कम असतो. नंतर घेतलेल्या स्वतंत्र सौर कर्जाला ‘नूतनीकरण’ म्हणणे मात्र ओढूनताणून केलेला युक्तिवाद वाटतो, आणि त्यातून वाचणारा कर पाहता तो वाद ओढवून घेण्यासारखा नाही. शिवाय नवीन करप्रणाली स्वीकारली असेल तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, त्यामुळे बहुतेकांसाठी हा प्रश्न तेथेच संपतो.

५. बिलातील बचत आणि विकलेली वीज यांत फरक करा

सौरयंत्रणेचा करदृष्ट्या सर्वांत मोठा फायदा कोणत्याही अर्जाशिवाय मिळतो, आणि म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही. वाचलेले वीजबिल हे उत्पन्न नाही. मुदत ठेवीत ठेवलेल्या रकमेवर जे व्याज येते त्यावर आपल्या टप्प्यानुसार कर भरावा लागतो. तीच रक्कम छतावर गुंतवून बिलात जी बचत होते तिच्यावर कर नाही. तीस टक्के टप्प्यातील करदात्याला उपकर धरून ६८.८० रुपये हातात पडण्यासाठी १०० रुपये व्याज मिळावे लागते. परतफेडीचा कालावधी मोजताना ही तुलना करावी. त्यातच महाराष्ट्रात घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क आकारले जाते; आकारणीयोग्य युनिट घटले की वीज आकार, वहन आकार आणि त्यांवरील शुल्क असे सर्वच घटते. स्थिर आकार मात्र शून्य युनिटलाही द्यावा लागतो, म्हणून ‘बिल शून्य’ हे आश्वासन शब्दशः घेऊ नये.

नेट मीटरवर ग्रीडमधून घेतलेली आणि ग्रीडला दिलेली वीज स्वतंत्र मोजली जाते आणि फरकाचे बिल येते. जादा दिलेली युनिट पुढील महिन्यांत वळती होतात. युनिटची युनिटशी होणारी ही वजावट म्हणजे विक्रीचे उत्पन्न नव्हे. आर्थिक वर्षाच्या अखेरीस जी युनिट शिल्लक राहतात ती महाराष्ट्रात वीजकंपनी नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि त्यांची रक्कम पुढील बिलात जमा दाखवते. येथे मात्र युनिटचे रुपये झाले आहेत. ही रक्कम ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून विवरणपत्रात दाखवणे हा सुरक्षित मार्ग आहे. ती बहुधा इतकी लहान असते की तिच्यावरील कर नगण्य ठरतो. दाखवली नाही म्हणून आलेल्या नोटिशीला उत्तर देण्याचा त्रास त्याहून मोठा असतो. एप्रिल किंवा मे महिन्याचे बिल त्यासाठी आवर्जून उघडून पाहावे, आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी आयकर पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरणात वीजकंपनीच्या नावाने काही नोंद आली आहे का, हेही पाहावे.

आपली जोडणी ग्रॉस मीटरची असेल, म्हणजे तयार होणारी सगळी वीज कंपनीला विकली जात असेल आणि घरासाठीची वीज वेगळी विकत घेतली जात असेल, तर संपूर्ण विक्री रक्कम उत्पन्न आहे. अशा वेळी सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. विकलेल्या विजेवर जीएसटी लागत नाही, त्यामुळे केवळ ग्रीडला वीज देण्यासाठी जीएसटी नोंदणी करण्याची आवश्यकता नाही.

या पायरीवरील सापळा म्हणजे ‘मोठी यंत्रणा बसवा, वीज विकून कमवा’ हा सल्ला. वर्षअखेरचा खरेदी दर आपण ज्या दराने वीज विकत घेतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो, अनुदान तीन किलोवॉटनंतर वाढत नाही, आणि मिळालेली रक्कम करपात्र ठरू शकते. एक किलोवॉटची यंत्रणा महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देते. मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवून वापर काढा आणि त्याच्या थोडे खालीच थांबा.

६. घरातून व्यवसाय करत असाल तर

सौरऊर्जा निर्मितीच्या यंत्रणेवर ४० टक्के घसारा मिळतो, हे खरे आहे, परंतु ती यंत्रणा व्यवसायासाठी वापरलेली असली पाहिजे. घराच्या एका खोलीत दवाखाना, वकिली किंवा शिकवणी वर्ग असेल, तर व्यवसायाच्या वापराच्या प्रमाणातच दावा करता येतो आणि ते प्रमाण कशावरून काढले, हे सांगता आले पाहिजे. यंत्रणा आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के दर लागतो. ज्या खर्चावर सरकारी अनुदान मिळाले तो भाग मूळ किमतीतून वजा करूनच घसारा मोजावा लागतो.

‘४४एडी’ किंवा ‘४४एडीए’खाली अनुमानित उत्पन्न, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब न देता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरलेले उत्पन्न, दाखवणाऱ्यांनी तर हा विषय सोडूनच द्यावा. त्या पद्धतीत घसारा आधीच मिळाला असे मानले जाते. तो वेगळा मागता येत नाही. शिवाय घरगुती दराच्या जोडणीवर व्यवसायाचा वापर असल्याचे विवरणपत्रात स्वतःहून लिहिणे म्हणजे वीजदराच्या वर्गवारीचा प्रश्न स्वतःहून उपस्थित करणे होय, याचाही विचार करावा.

७. भाड्याचे घर आणि गृहनिर्माण संस्था

भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. सौरयंत्रणेचा खर्च, तिची धुलाई, दुरुस्ती हे सर्व तिच्यातच आले असे मानले जाते. त्यासाठी वेगळी वजावट नाही. सौरयंत्रणेमुळे भाडे वाढवून घेतले तर ते वाढीव भाडे उत्पन्न आहे. भाडेकरूकडून विजेचे पैसे वेगळे घेत असाल तर करारात त्याचा आधार आणि दर लिहून ठेवा.

गृहनिर्माण संस्थांना सामाईक सुविधांसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. सामाईक बिल कमी झाल्याने देखभाल शुल्क घटते, यात सभासदाला करपात्र असे काही नाही.

८. मालमत्ता कराची सवलत विचारा

काही महानगरपालिका पर्यावरणपूरक सुविधांसाठी मालमत्ता करात सवलत देतात. पुणे महानगरपालिकेत सौरऊर्जा, गांडूळ खत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी सुविधा असलेल्या निवासी मिळकतींना ५ ते १० टक्के सवलतीची तरतूद आहे. ही सवलत आपोआप लागत नाही. अर्ज, पाहणी आणि यंत्रणा चालू असल्याचा पुरावा लागतो. आपल्या पालिकेच्या मिळकतकर विभागात विचारायला एक फेरी पुरते.

९. घर विकताना खर्च विसरू नका

घर विकल्यावर भांडवली नफा मोजताना खरेदी किमतीबरोबरच सुधारणेचा खर्चही वजा होतो. छताला कायमस्वरूपी जोडलेली आणि घरासोबतच विकली जाणारी सौरयंत्रणा ही घरात घातलेली भर आहे, असे मानण्यास चांगला आधार आहे. येथे तिसऱ्या पायरीवर लिहून ठेवलेला निव्वळ खर्च उपयोगी पडतो. अनुदानाची रक्कम खर्चात धरू नये, कारण तो पैसा आपला गेलेला नाही. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ (म्हणजे महागाईच्या प्रमाणात खरेदी किंमत वाढवून धरण्याची मुभा) न देता १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय तुलनेसाठी उपलब्ध आहे. १,१८,०२० रुपयांवर १२.५ टक्के म्हणजे उपकरासह सुमारे १५,००० रुपयांचा फरक पडतो. व्यवसायासाठी ज्या भागावर घसारा घेतला असेल तो येथे पुन्हा धरता येत नाही.

खरेदीखतात ‘छतावरील सौरयंत्रणेसह’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. पॅनेल काढून दुसऱ्या घरी नेणार असाल तर हा दावा करू नये.

१०. एक स्वतंत्र फाईल करा

तिच्यात पुढील कागद असावेत:

- पूर्ण किमतीचे, जीएसटी क्रमांक असलेले करबिल आणि पॅनेल व इन्व्हर्टर यांच्या क्रमांकांची यादी
- पैसे दिल्याची बँक नोंद. कर्ज असल्यास मंजुरीपत्र आणि दरवर्षीचे व्याज प्रमाणपत्र
- अनुदानाची मंजुरी आणि ते खात्यात जमा झाल्याची नोंद
- नेट मीटरचा करार आणि यंत्रणा कार्यान्वित झाल्याचा दाखला
- दरवर्षीचे मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांचे वीजबिल
- इन्व्हर्टर बदलल्यास त्याचे बिल आणि बँक नोंद

आयकराचे कागद सहा-सात वर्षांनी काढून टाकण्याची अनेक घरांत पद्धत असते. ही फाईल त्या आवराआवरीतून वगळा आणि घराच्या खरेदीखताशेजारी ठेवा, कारण पॅनेलची वॉरंटी बहुधा पंचवीस वर्षांची असते आणि घर कधी विकले जाईल हे आज ठरलेले नसते. थर्मल कागदावरील पावत्यांवरची अक्षरे काही वर्षांत उडतात. त्यांची छायाप्रत बिल मिळाल्याच्या दिवशीच काढून घ्यावी.